‘किती वाजता धरलात?’

पोलीस ठाण्याच्या अंमलदारांनी स्टेशन डायरी पुढ्यात ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, “किती वाजता धरलात?”

मी म्हटलं, “साहेब, दोन क्रेट आंबे होते. झेल्यासकट सापडलाय.” झेला म्हणजे आंबे उतरवायची जाळी लावलेली काठी.

“आंब्यांचं बघू. धरलात किती वाजता?”

मी मागे वळून बहादूरकडे पाहिलं. बहादूर हा आमचा नेपाळी राखणदार. बहादूर हे त्याचं नाव नाही, पण देवगड तालुक्यात बागेवर राखण करणाऱ्या प्रत्येक नेपाळ्याला बहादूरच म्हणतात. त्यालाही आता त्याची सवय झाली आहे. तो म्हणाला, “एक बज के दस मिनट.” अंमलदारांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. नऊ पस्तीस झाले होते. त्यांनी दोन्ही वेळा लिहिल्या आणि माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहिलं. ती नजर मला दोन दिवसांनी वकीलबाईंकडे गेल्यावर कळली.

ही गोष्ट मार्च २०२५ ची. बँकेतून निवृत्त होऊन मी गावी आलो त्याला आता सहा वर्षं झाली. वडिलांनी कातळ फोडून, माती भरून लावलेली आंब्याची पावणेदोनशे कलमं आहेत. पहिल्या मोहोराचं फळ मार्चमध्ये तयार होतं आणि भाव असतो तो याच फळाला. वर्षभराची फवारणी, खत, राखण्याचा पगार सगळं ह्या तीन-चार आठवड्यांत वसूल व्हायचं. त्या आठवड्यात आधीच दोन कलमं रात्रीत मोकळी झाली होती. सकाळी झाडाखाली नुसते देठ आणि पाला. ज्याची बाग नाही त्याला हे सांगून कळणार नाही, पण त्या दिवशी मी जेवलो नव्हतो.

रात्री एक वीसला फोन आला. “साब, एक पकडा.”

मी अंथरुणावर उठून बसलो. बाग घरापासून चार किलोमीटर, मधला रस्ता चिऱ्यांच्या खाणीवरून. बायको म्हणाली, “आता रात्री कुठे निघालात?” आणि मी बहादूरला जे सांगितलं ते वाक्य पुढे सरकारी कागदावर उतरलं, म्हणून जसंच्या तसं लिहितो. मी म्हटलं, “बांधून ठेव, सकाळी बघू.”

पुतण्याला मात्र फोन केला. तो पंचविशीतला, त्याला झोप कुठली. दोन वाजता तो मोटारसायकलवरून बागेत पोचला. अडीचच्या सुमाराला पाणंदीत आणखी एक गाडी येऊन थांबली. गाडीवाला खाली उतरून हलक्या आवाजात कोणाला तरी हाक मारत होता. यांनी त्यालाही धरला. त्याचा फोन काढून घेतला आणि मांगरात, म्हणजे बागेतल्या सामानाच्या खोलीत, खताच्या पोत्यांवर बसवून बाहेरून कडी घातली. पहिल्याला गडग्याजवळच्या, म्हणजे दगडी कुंपणाजवळच्या, कलमाला बांधला होता.

मी पोचलो पावणेसातला. बेड्याजवळ, म्हणजे बागेच्या फाटकाजवळ, सात-आठ माणसं जमली होती. शेजारच्या वाडीतले एक काका मला बघून म्हणाले, “पोलिसांक कशाक बोलवतंस? दोन ठेवून दी आणि सोड. उद्या परत नाय येवचो.” दुसरे म्हणाले, “सोडूचो कशाक? गावात फिरवा त्याका.” ह्या दोन सूचनांच्या मध्ये तिसरी कोणाकडेच नव्हती. माझ्याकडेही नव्हती.

पोराचे हात मागे, सुंभाने बांधलेले. काथ्याचा नवा सुंभ, ओला करून आवळलेला. त्याचे बारीक कूस मनगटात रुतले होते आणि दोन्ही हातांवर बोटभर रुंदीचा लाल पट्टा उठला होता, मधे मधे ठिपक्यासारखं रक्त. गालावर बोटं उमटलेली. “मारलंत?” मी विचारलं. पुतण्या म्हणाला, “एकच दिली, काका.” पोरगा काही बोलला नाही. त्याच्या पायाशी माझे दोन क्रेट होते आणि झेल्याची जाळी फाटलेली.

मी सुंभ सोडायला लावला, एवढं तरी केलं. पण लगेच ठाण्यात नेलं नाही. वाशीला जाणारी गाडी साडेआठला नाक्यावरून सुटते आणि आदल्या दिवशी भरलेल्या बावीस पेट्या घरी पडल्या होत्या. गाडी चुकली असती तर एक दिवस गेला असता. म्हणून आधी पेट्या चढवल्या आणि मग ही दोन माणसं पिकअपमध्ये बसवली. अंमलदारांनी विचारलं, “सकाळी सातपासून नऊ पस्तीसपर्यंत काय करत होतात?” तेव्हा मी हेही खरं सांगितलं. माझ्या मते त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. शेतमाल आहे, थांबत नाही.

पुढचा तासभर ठाण्याच्या व्हरांड्यात आंब्यांची मोजणी चालली. मी बोलताना “आठ-दहा हजारांचा माल” असं म्हणालो होतो. हवालदारांनी दोन्ही क्रेट उपडे करून फळं मांडली. ब्याण्णव भरली. ते स्वतः बागायतदाराच्या घरातले, त्यामुळे त्यांना काही शिकवायची सोय नव्हती. एकेक फळ हातात घेऊन, देठाकडचा खड्डा आणि खांदे बघून त्यांनी दोन ढीग केले. चौदा आणे तयार (सोळा आणे म्हणजे पूर्ण तयार) सत्तावन्न. बाकीची पस्तीस धड दहा आण्यांचीही नव्हती. पोराने अंधारात हाताला लागेल ते ओढलं होतं.

“हे पस्तीस कोण घेईल?” त्यांनी विचारलं.

“लोणच्याला जातील.”

“मग लोणच्याचा भाव लावू.”

मी वाशीतला भाव सांगून पाहिला. ते म्हणाले, “वाशीचा भाव वाशीत. आंबा तुटलाय इथे.” नाक्यावरच्या दलालाला फोन करून बागेवरचा भाव विचारला. तयार फळाला डझनाला सहाशे, कच्च्याला दीडशे. बेरीज झाली तीन हजार दोनशे सत्त्याऐंशी. मला त्या आकड्याचा राग आला होता. वर्षभर राबून पिकवलेल्या फळाचा असा हिशेब? पण तो आकडा माझ्या नुकसानीपेक्षा पुष्कळ मोठी गोष्ट ठरवत होता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मग त्यांनी पोराचं आधार कार्ड मागवलं. एकोणीस वर्षं चार महिने. “नशीब तुमचं,” एवढंच ते म्हणाले. अठराच्या आतला निघाला असता तर बाल न्यायाचा वेगळा कायदा लागला असता आणि रात्रभर झाडाला बांधलेलं मूल, हे माझ्या खात्यावर आलं असतं. पोराच्या नावावर आधीचं काही नव्हतं.

साडेबाराला त्याची आई आली. पोराची एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद झाली. मला तिची प्रत मिळाली आणि तो आईबरोबर बाहेर पडला. जाताना त्याला ग्रामीण रुग्णालयात तपासायला नेलं, मनगटांसाठी आणि गालासाठी. मी मात्र बाकावरच. कारण मांगरातून काढलेल्या दुसऱ्या माणसाने फिर्याद द्यायला सुरुवात केली होती आणि ती माझ्याविरुद्ध होती. मी घरी निघालो तेव्हा साडेचार वाजले होते.

त्याचं म्हणणं असं, की मित्राने फोन करून बोलावलं, गाडीतलं पेट्रोल संपलंय म्हणाला, म्हणून न्यायला आलो. बागेत पाऊल टाकलं नाही, आंब्याला हात लावला नाही. मध्यरात्री अडीचला पाणंदीत? मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. पण मला काय पटतं ह्याला तिथे काही किंमत नव्हती. बहादूरने त्याला काय करताना पाहिलं, असं विचारलं. बहादूर खरा माणूस. तो म्हणाला, “कुछ करते नहीं देखा. आया, इसलिए पकडा.” आणि बांधायला कोणी सांगितलं? “मालिक बोले.”

गुन्हा दाखल झाला. भारतीय न्याय संहितेचं कलम १२७ (२), अन्यायाने कोंडून ठेवणं. ११५ (२), दुखापत. आणि तिघांचा मिळून हेतू म्हणून ३ (५). आरोपी मी, पुतण्या आणि बहादूर. कोंडून ठेवण्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जामीनपात्र, पण दखलपात्र. म्हणजे माझ्या आंब्यांच्या चोरीचा तपास पोलीस दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय करू शकत नव्हते आणि माझा करू शकत होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ (३) ची नोटीस हातात पडली, बोलावू तेव्हा हजर राहा अशी. बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला नोटीस वाचता येते, पण आरोपी क्रमांक एकच्या पुढे स्वतःचं नाव वाचायला वेळ लागतो.

दोन दिवसांनी तालुक्याच्या गावी वकीलबाईंकडे गेलो. तोंडाशी तयारच होतं, “चोराला नागरिक पकडू शकतो ना? तसा कायदा आहे ना?”

“आहे की,” त्या म्हणाल्या. “भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४०. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत ४३ होतं. त्यात काय लिहिलंय ते वाचलंत?”

मी वाचलं नव्हतं. त्यांनी पुस्तक माझ्याकडे फिरवलं. खाजगी माणूस कोणाला अटक करू शकतो? फरार घोषित केलेल्या गुन्हेगाराला. किंवा ज्याने त्याच्या समक्ष अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा केला त्याला. बाईंनी पेन्सिलीने ‘आणि’खाली रेघ ओढली. दोन्ही हवं. नुसता दखलपात्र चालत नाही. बागेत शिरणं, म्हणजे अतिक्रमण, हा दखलपात्र गुन्हा आहे पण जामीनपात्र, तेव्हा गडगा ओलांडून आत आला एवढ्यावर तुम्ही कोणाला धरून ठेवू शकत नाही. मग त्यांनी ‘समक्ष’खाली रेघ ओढली. ज्याने धरलं त्याने स्वतः गुन्हा होताना पाहिलेला हवा. संशय, ऐकीव, गेल्या आठवड्यात झालेली चोरी, ह्यातलं काही उपयोगाचं नाही. दुसरा माणूस इथेच सुटला.

“पण पहिला तर आंबे तोडताना सापडला,” मी म्हटलं.

“किती किमतीचे?”

तेव्हा कुठे ती मोजणी माझ्या डोक्यात शिरली. चोरी साधारणपणे दखलपात्र आणि अजामीनपात्रच असते. पण १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले तेव्हा त्यात एक भर पडली. मालाची किंमत पाच हजारांच्या आत, चोराची पहिलीच वेळ आणि माल किंवा त्याची किंमत परत, तर शिक्षा समाजसेवेची. आणि सुरक्षा संहितेच्या अनुसूचीत अशी चोरी अदखलपात्र, जामीनपात्र दाखवली आहे. म्हणजे ज्या चोरीवर कलम ४० चा सगळा डोलारा उभा करायचा, तीच त्याखालून निघून जाते. मध्यरात्री कलमाखाली उभ्या असलेल्या बहादूरने बॅटरीच्या उजेडात फळं मोजून, आणे ठरवून, भाव लावून मग धरायचं की नाही ते ठरवायचं? मी हे बाईंना चिडून विचारलं. त्या हसल्या. “कोर्टात मी हाच मुद्दा मांडेन. पण बांधण्याचं आणि वेळेचं काय करू?”

आणि मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी ऐकून मी गप्प झालो. तोच पोरगा त्याच रात्री मांगरात शिरून पाण्याच्या पंपाची मोटर घेऊन निघाला असता, तर ते न्याय संहितेचं कलम ३०५. माणूस राहतो किंवा सामान ठेवतो अशा इमारतीतली चोरी, सात वर्षांपर्यंत, दखलपात्र, अजामीनपात्र, किमतीची अट नाही. तेव्हा त्याला धरायचा हक्क बहादूरला निर्विवाद होता. झाडावरचा आंबा तर देठ तुटेपर्यंत कायद्याच्या लेखी जंगम मालमत्ताच नाही. जमिनीला चिकटलेली वस्तू. देठ तुटला की मग ती चोरीला जाऊ शकते. आमच्या आजोबांना हे सांगितलं असतं तर त्यांनी बाईंना हाकलून दिलं असतं.

वेळेचं मात्र काही बोलायची सोय नव्हती. जुन्या कायद्यात अनावश्यक विलंब न लावता पोलिसांच्या ताब्यात द्या एवढंच होतं. नव्यात पुढे ‘अटकेपासून सहा तासांच्या आत’ असं स्पष्ट लिहिलं आहे. एक दहा ते नऊ पस्तीस, आठ तास पंचवीस मिनिटं. दुसऱ्या माणसाचे सात तास पाच मिनिटं. “आणि सहा तास म्हणजे सहा तास वापरायची मुभा नव्हे,” बाई म्हणाल्या. “तुम्ही मध्ये पेट्या चढवल्यात. त्या गाडीची पावती असेल, वेळेसकट.” होती. खिशातच होती.

शिवाय सुरक्षा संहितेचं कलम ४६. पळून जाऊ नये एवढ्यापुरताच अटकाव, त्याहून जास्त नाही. दोघे जण भोवती असताना ओला सुंभ लागत नाही.

मी विचारलं, “मग काय, हात बांधून बघत बसायचं?” (हात बांधून हा शब्द माझ्याच तोंडून गेला आणि आम्ही दोघेही क्षणभर थांबलो.) त्या म्हणाल्या, बघत बसू नका. मालाचं रक्षण करायचा हक्क आहे. क्रेट हिसकावून घ्या, वाट अडवा, गरजेपुरतं ढकला. पण माल परत हातात आला किंवा चोर निसटला की तो हक्क संपला, त्यानंतरची थप्पड ही नुसती मारहाण. ओरडा, बॅटरी मारा, गाडीचा नंबर आणि फोटो घ्या, पोलिसांचा ११२ लावा. ११२ ला फोन केला की वेळेची नोंद आपोआप होते, ती तुमच्याच बाजूने बोलते.

जबाबाला गेलो होतो तेव्हा ठाण्यातल्या उपनिरीक्षकांनी दार लोटून घेतलं आणि एकच विचारलं, “गडचिंचले आठवतं?” पालघर जिल्हा, १६ एप्रिल २०२०. चोर आल्याच्या अफवेवरून जमावाने गाडी अडवली आणि दोन साधू आणि त्यांचा चालक अशी तिघं जिवानिशी गेली. “तिथेही सुरुवात गाडी अडवण्यापासूनच झाली,” ते म्हणाले. मला ती तुलना अंगावर आल्यासारखी वाटली, मी तसं म्हटलंही. पण बेड्याजवळची ती सात-आठ माणसं आणि “गावात फिरवा त्याका” हे रात्री झोपताना आठवलं.

पुतण्याने आणखी एक पराक्रम केला होता, तो मला आठवडाभराने कळला. पहाटेच बांधलेल्या पोराचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ काढून ‘आंबाचोर’ म्हणून गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला होता. मागे मांगराच्या दारात तो दुसरा माणूसही दिसत होता. तो एका कॅशू फॅक्टरीत कामाला. तिथल्या लोकांनी व्हिडिओ बघितला. माझ्यावरचा त्याचा राग कोंडण्याचा कमी आणि ह्याचा जास्त होता, हे तडजोडीची बोलणी सुरू झाल्यावर समजलं.

कारण हा गुन्हा तडजोडीचा आहे. कोंडला गेलेला माणूस कोर्टाच्या परवानगीची गरज न पडता मिटवू शकतो. दुखापतीचंही तसंच. मला वाटलं होतं पैसे मागेल. मी मनाशी आकडाही धरला होता. त्याने पैसा मागितला नाही. म्हणाला, ज्या गटावर व्हिडिओ टाकलात त्याच गटावर लिहा, की मी चोरी करताना सापडलो नव्हतो. पुतण्या चार दिवस तयार होईना. “काका, तो साळसूद नाय हा.” नसेल. शेवटी मीच लिहिलं, माझ्या नावाने. गटात एकशे बारा माणसं आहेत. कोणीही उत्तर दिलं नाही, एकाने फक्त हात जोडल्याचं चित्र टाकलं. डिसेंबरात कोर्टात तडजोड नोंदली गेली. पोराचीही सही झाली. तो आता मुंबईला आहे म्हणे.

यंदा बहादूर परत आला तेव्हा मी त्याला दोन वस्तू दिल्या. एक मनगटी घड्याळ आणि एक शाळकरी वही. सुंभ मांगरातून घरी आणून ठेवला. त्याने विचारलं, “साब, आए तो छोड दूँ?” मी म्हटलं, आधी ओरड, मग लिही, मग ११२, मग मला. मी येतो. कितीही वाजले तरी येतो.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री फोन आला. मी दोन पस्तीसला बागेत होतो. तोवर गडग्यापलीकडे कोणी नव्हतं, पाणंदीत चाकांची खूण होती. बहादूरने वही पुढे केली. नेपाळी वळणाच्या देवनागरीत त्याने लिहिलं होतं: २.०५ आवाज. २.०६ बत्ती मारा, चिल्लाया. २.०८ एक सौ बारह. २.११ साब.

आंबे किती गेले ते त्याने लिहिलं नव्हतं. आम्ही दोघांनी बॅटरी घेऊन देठ मोजले. एकोणीस.